बिनदेवाची सहल

"देव नको," अंबुबाई म्हणाल्या. "देवाला निघालं की सासू येती."

पडवीत बसलेल्या बाकी सातजणींनी माना डोलावल्या, पण हात कुणाचेच थांबले नाहीत. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि बाजूला तंबाखूचा ढीग. पानावर चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक आत दाबायचं, दोऱ्याचे दोन फेरे, की झाली विडी. हे सगळं खाली न बघता चाललेलं असायचं. बघायला डोळे मोकळे होते, म्हणून आठही जणी माझ्याकडे बघत होत्या. मी वहीत लिहून घेतलं: सहलीचं ठिकाण, देव नसलेलं.

ही त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सोलापूरच्या समाजकार्य महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. बार्शीहून आले होते, वसतिगृहात राहत होते आणि जगाचं भलं कसं करायचं हे मला साधारण सप्टेंबरपर्यंत कळून चुकलं होतं. आमच्या शास्त्रात कामाच्या तीन पातळ्या असतात. एका माणसाबरोबर केलं तर व्यक्तिकार्य, आठदहा जणांबरोबर केलं तर गटकार्य आणि अख्ख्या वस्तीबरोबर केलं तर समुदाय संघटन. आमचे बिराजदार सर ते सोपं करून सांगायचे. एकाची कटकट ऐकली की व्यक्तिकार्य, आठांची ऐकली की गटकार्य, आणि आपली कटकट सगळ्या वस्तीला ऐकवली की समुदाय संघटन.

माझ्या वाट्याला गटकार्य आलं होतं. विडी वळणाऱ्या बायकांच्या एका वस्तीत आठजणींचा गट बांधायचा, आठ बैठका घ्यायच्या, गटाने स्वतःचं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं आणि ते पार पडायला हवं. पडलं नाही तर क्षेत्रकार्यात, म्हणजे वस्तीवरच्या कामात, नापास, आणि क्षेत्रकार्यात नापास म्हणजे वर्ष पुन्हा. माझे वडील बार्शीत शिंपीकाम करायचे. वर्ष पुन्हा करायला ते नाही म्हणाले नसते, गप्प बसले असते, आणि मला त्या गप्प बसण्याचीच भीती होती.

पहिल्या चार बैठका मी एकच प्रश्न विचारला, तुमच्या समस्या काय? काही नाही, असं त्या म्हणायच्या आणि मला प्रश्न विचारायच्या. भाऊ किती, बहिणी किती, कानात काही का नाही, वसतिगृहात जेवायला काय देतात. काय देतात ते मी खरं सांगितलं, तर पुढच्या गुरुवारी अंबुबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली आणि मला समोर बसवून खायला लावली. मी अहवालात लिहिलं, 'गटाशी विश्वासाचे नाते प्रस्थापित झाले.' सरांनी शेजारी लाल शाईने लिहिलं, 'कुणाचे कुणाशी?'

पाचव्या बैठकीला मी घायकुतीला आले होते. साक्षरता वर्ग काढू या, म्हटलं. शिकून विडीवर सही करायची का, असं उत्तर आलं. शिवणवर्ग म्हटलं, तर हाताला एक काम आहे तेवढं पुरे म्हणाल्या. मग कोपऱ्यातून पद्मा बोलली. पद्मा येमूल गटात सगळ्यात लहान, बावीसेक वर्षांची. चार बैठकांत तिने तोंड उघडलं नव्हतं. म्हणून ती बोलल्याबरोबर मी पेन सरसावलं.

"टीचर, एक दिवस कुटंतरी जाऊ या की."

"कुठं?"

"कुटं पण. बसायला."

"बसून काय करायचं?"

"काय न्हाई करायचं," पद्मा म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

मला वाटलं, विषय संपला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, तेलुगूत, कारण वस्ती पद्मशाली लोकांची होती आणि महत्त्वाचं काही असलं की माझ्यासमोर मराठी बाजूला पडायची. कुणीतरी तुळजापूर म्हटलं, आणि त्यावर अंबुबाई ते देवाचं बोलल्या. अंबुबाई पंचेचाळिशीच्या, गटाच्या आपोआप झालेल्या पुढारी. त्यांची सासू वारल्यापासून त्यांच्या आवाजाला धार आली, असं शेजारणी म्हणत. बाकी सातहीजणींच्या सासवा हयात होत्या आणि ठणठणीत होत्या. लग्नाला, मर्तिकाला आणि देवाला सोडून या बायका कधी वस्तीबाहेर गेल्या नव्हत्या, आणि तिन्ही ठिकाणी सासू बरोबर. शेवटी ठरलं हिप्परग्याचं तळं. तुळजापूरच्याच रस्त्यावर, पण देवीच्या कितीतरी अलीकडे. विड्या घेणारा कारखाना रविवारी बंद असायचा, म्हणून दिवस तोच. आणि एक नियम अंबुबाईंनी तिथल्या तिथे करून टाकला: गेलो तर आठहीजणी, एक जरी मागे राहिली तर कुणीच नाही.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ते हाणून पाडतील. ते म्हणाले, निर्णय गटाचा आहे, तुम्हाला आवडला नाही म्हणून तो बदलत नाही.

"पण सर, उद्दिष्ट काय लिहू?"

"त्या काय म्हणाल्या?"

"काही न करायला जायचं म्हणाल्या."

सर म्हणाले, "मग तेच लिहा. फक्त मराठीत लिहू नका, समाजकार्यात लिहा."

मी लिहिलं, 'विश्रांतीद्वारे व्यक्तिमत्त्व विकास'. सरांनी सही केली, आठाच्या नियमाखाली दोन रेघा ओढून 'गटाला बांधणी आली' असं लिहिलं, आणि मी उठताना म्हणाले, घरच्यांची संमती घ्या आणि काय करताय ते खरं सांगा.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, नाही असं नाही. पण सर हो म्हणाले हे सांगायला मी वस्तीत गेले, तेव्हा बायकांनी मला घेरलं. सहल म्हटलं तर एकही घर सोडणार नाही, टीचर, कागद द्या, गोल शिक्क्याचा, ट्रेनिंग आहे म्हणून. मी एक रात्र मनाशी वाद घातला आणि जिंकले. व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे एका अर्थी प्रशिक्षणच की. मग महाविद्यालयाच्या छापील कागदावर मी माझ्या आयुष्यातलं पहिलं सरकारी मराठी लिहिलं. 'एकदिवसीय प्रशिक्षण शिबिर. स्थळ: हिप्परगा तलाव परिसर. उपस्थिती आवश्यक.' शिपायाकडून शिक्का मारून घेतला. शिक्का जरा तिरका पडला, पण तिरक्यामुळे तो जास्तच खरा वाटत होता.

कागदाने काम केलं. घरोघर सासऱ्यांनी तो वाचला, नवऱ्यांनी वाचला, आवश्यक म्हणजे जायलाच लागेल असं एकमेकांना सांगितलं. एकाने फक्त सर्टिफिकेट मिळणार का एवढं विचारून घेतलं. सात घरं झाली. आठवं पद्माचं, आणि तिथे राजम्मा होत्या.

राजम्मा म्हणजे पद्माची सासू. साठीच्या आसपास, अंगाने काटक, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा. वयात असताना त्या गल्लीत त्यांच्याइतका झरझर हात कुणाचा चालत नसे म्हणे. त्या सूप घेऊन उंबऱ्यातच बसायच्या, त्यामुळे घरातून बाहेर आणि बाहेरून घरात जे काही जायचं ते त्यांच्या अंगावरून जायचं. पद्मा नळावर गेली की परत येईपर्यंत त्यांची मान नळाकडे. कागद त्यांनी ठेवून घेतला आणि सहाव्या बैठकीला तो हातात घेऊन अंबुबाईंच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"ट्रेनिंग कसलं हाय?"

आठहीजणींनी माना खाली घातल्या. प्रश्न मलाच होता. मी व्यक्तिमत्त्व विकासाचं म्हटलं. ते काय असतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणसानं चारचौघांत कसं वागावं, कसं बोलावं, असं सगळं.

"मग मला घे की," राजम्मा म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं विडी वळतीये. मला कुणी ट्रेनिंग दिलं न्हाई."

अंबुबाईंच्या हातातला दोरा तुटला. मला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणसाने गप्प बसावं हे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"वयाची अट आहे," मी म्हटलं.

"किती?"

मी अंबुबाईंकडे बघितलं, त्यांचं वय आठवलं आणि वर पाच घातले. "पन्नास."

राजम्मांनी कागदाची बारीक घडी केली आणि ती माझ्या वहीवर ठेवली. पद्मा येणार न्हाई, एवढं म्हणाल्या आणि गेल्या. रविवार तीन दिवसांवर होता. पद्मा खाली बघूनच म्हणाली, माझं सोडा, तुम्ही जावा. मग आम्ही पण न्हाई, अंबुबाई म्हणाल्या. त्यावर कुणी वाद घातला नाही, रडलंही नाही. आठहीजणी पुन्हा विड्या वळायला लागल्या, मघाच्याच वेगाने, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट दिसलं. माझं वर्ष तर गेलंच होतं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या वर्षाचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या एका दिवसाचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजम्मांच्या घरी गेले. गटकार्य फसलं तर व्यक्तिकार्य करावं, असं पुस्तकात होतं. रात्री जागून मी ते प्रकरण वाचलं होतं. समोरच्याला दोष द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, त्याच्या भावना त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायच्या, म्हणजे तो मोकळा होतो. राजम्मा उंबऱ्यात होत्या. पद्मा पाण्याला गेली होती. मी पायरीवर बसले.

"राजम्मा, तुम्हाला राग आलाय का?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्हाला राग आलेला नाही."

"तेच म्हणाले की."

मी पान उलटावं तसा मनात पुढचा मुद्दा काढला. "पद्माच्या जाण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"गुडघा दुखतोय."

"म्हणजे तुमचा गुडघा दुखतोय."

राजम्मांनी पहिल्यांदा सुपातून हात काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पोरी," त्या काळजीने म्हणाल्या, "तुला ऐकू कमी येतंय का?"

पुस्तक तिथे संपलं. मी म्हटलं, "राजम्मा, ते ट्रेनिंग नाहीये. सहल आहे. मी खोटं लिहिलं."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"तळ्यावर कसलं ट्रेनिंग? मासे धरायचं?" त्यांनी पुन्हा पान उचललं. "ती पोरगी आठ दिवस झाले निळी साडी घडी करून गादीखाली घालून झोपतीये. इस्त्री व्हावी म्हणून. ट्रेनिंगला कुणी असं करतंय का?"

"मग मला घे असं का म्हणालात?"

"बघत होते, खरं सांगतीस का ते. तू पन्नास म्हणालीस."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, माझं चुकलं, वयाची अट नाही, कसलीच अट नाही, तुम्हीपण चला. हे मी मनापासून म्हटलं. दुसरी युक्ती उरली नव्हती म्हणूनही म्हटलं.

राजम्मांनी हातातली विडी पुरी केली. मग त्यांनी मला श्रीशैलमची गोष्ट सांगितली. सून म्हणून आल्यावर सासूबरोबर त्या तीनदा श्रीशैलमला गेल्या होत्या. दोन दिवसांचा प्रवास, डोंगर, गर्दी, मोठा देव. तिथे चपला चोरीला जातात म्हणून कुणीतरी बाहेर बसावं लागायचं.

"तिन्ही डाव मी बसले," राजम्मा म्हणाल्या. "लोक विचारतात, श्रीशैलमचा देव कसा हाय? मी सांगते, लई चांगला हाय. मला त्या चपला अजून दिसतात बघ. सासऱ्याच्या चपलेला निळा पट्टा हुता."

मला हसू आलं आणि हसावं की नाही ते कळेना. त्या मात्र हसत नव्हत्या.

"मी आले तर काय हुईल? पाणी दे, गोळी दे, हात धर, पाय दाब. ती वाईट न्हाई, ती सगळं करंल. पण ते ती हितं करतीच की. त्याला तळं कशाला?" विडी दोऱ्याने बांधून त्यांनी ढिगात टाकली. "जाऊ दे तिला. मी येत न्हाई. फकस्त आल्यावर मला सगळं सांगायचं. तू न्हाई. तू वहीतलं सांगशील. तिनं सांगायचं."

त्या संध्याकाळी अहवालात मी लिहिलं, 'संबंधित व्यक्तीचे मतपरिवर्तन घडवून आणले.' मग ते खोडलं, आणि कुणी कुणाचं घडवलं ते न लिहिता नुसतं 'संमती मिळाली' एवढंच ठेवलं.

रविवारी सकाळी आठ बायका आणि मी, अशा नऊजणी तुळजापूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरने न विचारता तुळजापूरची तिकिटं फाडायला घेतली. हिप्परगा म्हटल्यावर तो थांबला. तिथं काय आहे, म्हणाला. तळं, मी म्हटलं. तळं माहीत आहे हो, तुमचं काय आहे तिथं? अंबुबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आमचं काय न्हाई तिथं. म्हणून तर चाललोय."

माझ्या पिशवीत चेंडू होता, दोरी होती, बारा खेळांची यादी होती आणि समूहगीतांची वही होती. तळ्याकाठी उतरल्यावर मी यादी काढली. अंबुबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, चटणीचा डबा ठेवायला तिची चुंबळ केली आणि एका बाभळीखाली पदर अंगावर घेऊन आडव्या झाल्या. झोपल्या त्या तीन तास. भर दिवसा, उघड्यावर, इतकं गाढ झोपलेलं बाईमाणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसल्या. एकीने हाताला चाळा म्हणून बाभळीचा पाला बोटांत घेऊन वळायला सुरुवात केली, मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन तिला हसू लोटलं आणि तिने तो पाला पाण्यात फेकून दिला. पद्मा निळ्या साडीत पाण्याच्या कडेला बसली होती, पाय पाण्यात सोडून. काही वेळाने तिथूनच ती काहीतरी सांगायला लागली. चार बैठकांत तोंड न उघडलेली ती मुलगी, पाऊण तास बोलली. हातवारे करून, आवाज बदलून, मान एकीकडे ताठ वळवून. सगळ्या पोट धरून हसत होत्या. एव्हाना जाग्या झालेल्या, पण पडूनच असलेल्या अंबुबाईंना मी विचारलं, काय सांगतेय ती? अंबुबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "सासवेचं हाय. तुमच्या वहीत नको."

दुपारी भाकरी, चटणी आणि कुणीतरी आणलेला चिंचेचा भात झाला. पुन्हा त्या बसल्या. मला सारखं वाटत होतं, आता काहीतरी घडायला हवं, निदान अहवालापुरतं. काही घडलं नाही. पाण्यावर पक्षी होते, त्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती आणि कुणी विचारलीही नाहीत. पाचाला मी म्हटलं, चला, एसटी येईल. एकही उठली नाही. मग मीही बसले, आणि मला आठवतं, ती एसटी आम्ही सगळ्यांनी मिळून जाऊ दिली, समोरून जाताना बघत बघत. पुढची सहाला होती.

वस्तीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. राजम्मा उंबऱ्यातच होत्या. पद्मा समोर जाऊन उभी राहिली.

"काय केलं?" त्यांनी मराठीत विचारलं, मला कळावं म्हणून असेल.

"काय न्हाई, अत्तम्मा."

"काय न्हाई म्हंजे?"

"बसलो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

राजम्मांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर सरकून जागा केली. पद्मा त्यांच्याशेजारी बसली. मी निघाले तेव्हा दोघी तेलुगूत बोलत होत्या, बोलत होती ती पद्माच, राजम्मा मधूनमधून एखादा प्रश्न विचारत होत्या, पाणी किती खोल होतं वगैरे असावा, कारण पद्मा पायाच्या घोट्यावर हात लावून दाखवत होती.

गटकार्यात शेवटच्या बैठकीला समारोप म्हणतात. तो कसा करायचा यावर आम्हाला अख्खं प्रकरण होतं. गाठ सैल करत आणायची, माणसांना आपली सवय लावायची नाही, खोटी आशा दाखवायची नाही आणि ठरल्या दिवशी बाहेर पडायचं. सातवी बैठक सहलीच्या गप्पांतच संपली होती. आठवी मार्चच्या पहिल्या गुरुवारी होती, आणि अहवाल सरांना त्याच दिवशी सकाळी हवा होता. सगळे करायचे तसं मीही समारोपाचं आधीच लिहून टाकलं. शेवटचा रकाना होता, गटाची पुढील गरज. तिथे मी लिहिलं, 'उद्दिष्ट साध्य. पुढील कामाची गरज नाही.' सरांनी अहवाल वाचला, मला चांगले गुण दिले, आणि सर सहसा म्हणायचे नाहीत ते म्हणाले, शाबास. मी सायकल हाणत वस्तीत आले. वर्ष वाचलं होतं. वडिलांना पत्र टाकायचं होतं.

पडवीत आठजणी होत्या. चहा झाला, चिवडा झाला. अंबुबाईंनी मला खणाचं कापड दिलं. मी भाषणाला उभी राहिले तेव्हा बाहेर चपलांचे आवाज आले आणि राजम्मा आत आल्या. एकट्या नव्हत्या. मागे एक काठी टेकत आली, एकीच्या डोळ्यावर हिरवं फडकं होतं, कुणाच्या हातात कुणाचा हात. अख्ख्या गल्लीतल्या सासवा होत्या. आपापल्या सासवा बघून सुना उठून उभ्या राहिल्या, तशी राजम्मांनी हाताने खुणावलं, बसा.

"पोरी, आठ लागतात म्हणे," त्या मला म्हणाल्या.

"कशाला?"

"गटाला. मोजून आणल्यात. मी धरून आठ."

मी मोजलं. खरंच आठ होत्या. मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी हसले. जे करायला आमच्या पुस्तकाने तीन प्रकरणं खर्च केली होती, ते या बाईने दारोदार हिंडून पंधरा दिवसांत उरकलं होतं.

"आम्हाला बी जायचंय," राजम्मा म्हणाल्या. "बसायला."

आणि मग मला समारोप आठवला. मी म्हटलं, राजम्मा, आज माझी शेवटची बैठक आहे. मग उद्यापासून आमची धर, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही, परीक्षा आहे, मग मी गावी जाणार.

"बरं, तू नको येऊस. तुझा तो कागद दे. शिक्क्याचा. आमच्या घरी बी विचारणारे हायत, आमचे लेक हायत."

कागद महाविद्यालयात होते. शिक्का शिपायाकडे होता. अहवाल सरांच्या टेबलावर होता, सही होऊन. यातलं काहीच इतकं अवघड नव्हतं की ते दुसऱ्या दिवशी करता आलं नसतं. पण मी पास झाले होते, आणि पास झालेल्या माणसाला सोपी वाट लगेच दिसते.

"पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी येईल," मी म्हटलं. "मी सांगून ठेवते. नक्की."

मी खरंच सांगितलं सरांना. पण पुढच्या वर्षी महाविद्यालयाने दुसरी वस्ती घेतली, कारण इथल्या कामाची गरज संपल्याचं लेखी होतं. ते सगळं वर्ष मी सोलापुरातच होते, क्षेत्रकार्याला सरकारी दवाखान्यात, सायकलने वस्ती वीस मिनिटांवर. मी गेले नाही. पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं, तिन्ही पातळ्यांवर केलं, माझ्या हाताखालच्या मुलींच्या अहवालांवर लाल शाईने लिहिलं. मला त्या वीस मिनिटांची अजून लाज वाटते.

राजम्मा माझ्यावर रागावल्या नाहीत. त्या मागे वळल्या आणि बाकी सातजणींना तेलुगूत एकच वाक्य बोलल्या. त्या सगळ्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. जाता जाता काठीवाल्या आजीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. चपलांचे आवाज गल्लीत लांब गेले. मी अंबुबाईंना विचारलं, काय म्हणाल्या त्या?

अंबुबाई सूप जवळ ओढत होत्या.

"वाईट काय न्हाई हो, टीचर," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, चला गं, पोरीची परीक्षा झाली."